पूल पॉटरीची जुनी ‘डेल्फिस’ प्लेट

हाताने रंगवलेली जुनी स्टुडिओ पॉटरी जमवायला सुरुवात करत असाल, तर पहिली वस्तू म्हणून मी डेल्फिसची प्लेटच सुचवेन.

इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या पूल पॉटरी या कारखान्याने १९६१ मध्ये वेगळा स्टुडिओ उभारला आणि १९६३ मध्ये तिथून डेल्फिस ही भांड्यांची मालिका बाजारात आली. भांड्यांचे आकार ठरलेले, पण चित्र ज्याचं त्याने सुचेल तसं काढायचं. त्यामुळे दोन प्लेट्स तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. रंगवणाऱ्यांत बहुतेक तरुण मुली होत्या.

माझ्याकडची प्लेट भडक केशरी आहे. मध्यापासून जरा बाजूला सरकलेलं पोपटी वर्तुळ, त्याभोवती काळसर फटकारे. केशरी आणि पोपटी भिडतात तिथे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, भट्टीत एकमेकांत उतरून तपकिरी कड तयार झाली आहे. फोटोत ही कड दिसतच नाही. प्लेट उजेडात तिरकी धरली की कुंचला कुठे टेकला, कुठे झरकन उचलला, सगळं कळतं.

पण मला खरी मोलाची वाटते ती मागची बाजू. डॉल्फिनचा शिक्का, आकाराचा क्रमांक आणि रंगवणारीची कुंचल्याने काढलेली खूण. पूलच्या १९२०-३० च्या फुलाफुलांच्या भांड्यांवरही अशी खूण असते, पण तिथे नमुना ट्रूडा कार्टरसारख्या डिझायनरचा आणि हात दुसरीचा. डेल्फिसवर चित्रही तिचंच. म्हणून खूण पुसट असेल तर मी ती प्लेट घेत नाही, पुढची बाजू कितीही देखणी असो.

सगळाच माल सरस नाही. सत्तरच्या दशकातल्या काही प्लेट्स मला घाईत उरकलेल्या वाटतात. केशरीवर पिवळे ठिपके, बस्स. निळ्या-हिरव्या छटांच्या दिसल्या तर थांबून बघा.

घेताना बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. मडकं घेताना ऐकतो तसा खणखणीत आवाज हवा. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. काठावरून नख फिरवा, बुजवलेला टवका हाताला गुळगुळीत पण किंचित कोमट लागतो. अतिनील टॉर्च असेल तर उत्तम, नंतर लावलेला रंग बहुधा त्यात वेगळा चमकतो. ग्लेझवरच्या बारीक तड्यांच्या जाळीला मात्र घाबरू नका, जुन्या मातीच्या भांड्यांना ती येतेच. अशी प्लेट पाण्यात भिजत ठेवू नका. ओल आत शिरते आणि डाग पडतात.

जेवणासाठी वापरू नका. त्या काळच्या भडक ग्लेझमध्ये शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. भिंतीवर लावायची तर स्प्रिंगचा तारेचा हँगर टाळा, त्याच्या आकड्यांनी काठाचे टवके उडतात. लाकडी स्टँडवर ठेवा, म्हणजे पाहुण्यांना उलटून मागची खूणही दाखवता येते.