मेससाठी घेतलेला ग्लू पॅडवाला फ्लाय कॅचर, वर्षभर वापरून

सदाशिव पेठेत आमची छोटी मेस आहे, जेवायला सगळी एमपीएससीवाली पोरं. मागच्या उन्हाळ्याआधी हा बसवला, आता परत आमरस सुरू झालाय म्हणून म्हटलं लिहून टाकू.

तडतडवाला स्वस्त मिळत होता, पण त्यात माशी करंटने फुटते आणि तिचे बारीक तुकडे इकडेतिकडे उडतात, पोळपाटाजवळ ते कोण लावणार! यात दोन यूव्ही ट्यूब आणि मागे चिकट पॅड, माशी उजेडाला येते, चिकटते, विषय संपला. ट्यूब मात्र कोटिंगवालीच घ्या, फुटली तर काचा भाजीत नकोत.

सगळा खेळ जागेचा आहे. इलेक्ट्रिशियनने पॉइंट होता म्हणून दारासमोरच ठोकला, तर संध्याकाळी बाहेरचे किडे लाईट बघून आत यायला लागले. मग मोरीकडच्या अंधाऱ्या भिंतीला हलवला. उन्हापुढे यूव्हीचं काही चालत नाही.

पण खरं सांगू का, माशा मारण्यापेक्षा पॅड बघण्यात जास्त फायदा आहे. मी पॅडवर मार्करने तारीख टाकतो. पावसाळ्यात बघतो तर मोठ्या माशा कमी आणि तिळाएवढ्या राखाडी, केसाळ पंखांच्याच जास्त. या ड्रेन फ्लाय, ड्रेनेजच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात वाढतात, वरून फिनेल ओता नाहीतर काही ओता, ढिम्म फरक पडत नाही. मावशींनी जाळी काढून लांब ब्रशने तो थर खरवडला, नंतरच्या पॅडवर जेमतेम दोनचार दिसल्या. पॅड नसता तर आम्ही अजून फिनेलच ओतत बसलो असतो.

चिलटं याला फारशी भीक घालत नाहीत, आंब्याच्या साली असल्या की वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या लिक्विडचा थेंब, बास. आणि डासांसाठी तर घेऊच नका, डेंग्यूवाला एडिस दिवसा चावतो आणि माणसाच्या श्वासावर, घामावर येतो. 2024 ला एरंडवण्यात झिका सापडला तेव्हा पोरं या मशीनकडे बोट दाखवून निवांत बसायची, मी आपला कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करत फिरायचो.

लाईट बिल म्हणाल तर 40 वॅट चोवीस तास, म्हणजे दिवसाला साधारण 1 युनिट. ट्यूब बंद पडेपर्यंत चालवा असं दुकानदार म्हणाला, अजिबात ऐकू नका, निळी दिसत राहते पण यूव्ही उतरत जातो, 8000 तास धरले तर वर्षसुद्धा होत नाही, मी उन्हाळा लागायच्या आधीच बदलतो.

डोकेदुखी दोनच. पोळ्यांचं पीठ उडून पॅडवर बसतं आणि चिकटपणा लवकर जातो. दुसरी पाल, माश्या खायला येते आणि स्वतःच अडकते, खायचं तेल सोडून हळूहळू सोडवावी लागते आणि ते काम दरवेळी माझ्याच गळ्यात. घ्यायच्या आधी पॅडची साइज नक्की बघा, आमच्या साइजचे दुकानात मिळतच नाहीत, ऑनलाइन मागवून आठवडाभर वाट बघायची.