तेझुकांचा ‘बुद्ध’, नऊ महिन्यांनंतर

मागच्या आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यात जपानी चित्रकार ओसामू तेझुकांच्या ‘बुद्ध’ या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, आठही भाग घरी आणले. इंग्रजी आवृत्ती, सगळे मिळून सुमारे तीन हजार पानं. तेव्हाच लिहिलं असतं तर पुस्तकांची निंदाच केली असती. पहिल्या महिन्यात माझं मत अगदी वाईट होतं, आणि ते का बदललं हे सांगायलाच आज बसले आहे.

मी नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मांगाशी माझा संबंध नव्हता. आमच्या लॅबमधला एक बावीस वर्षांचा मुलगा मात्र दिवसरात्र त्यातच असतो. तोच म्हणाला, “ताई, तुम्ही विहारात जाता ना, मग तेझुकांचा ‘बुद्ध’ वाचा. पण आधीच सांगतो, राग येईल.”

राग आलाच. पहिला भाग संपत येतो तरी सिद्धार्थाचा पत्ता नाही. गोष्ट आहे चाप्रा नावाच्या गुलाम मुलाची आणि तत्ता नावाच्या अस्पृश्य पोराची, जो प्राण्यांच्या शरीरात शिरू शकतो. दोघंही तेझुकांनी कल्पनेतून आणलेली. माणसं मरतायत आणि त्याच पानावर कुणीतरी धप्पकन पडतंय, डोळे गरगर फिरवतंय, आजच्या काळातला विनोद करतंय. बायका आणि मुलं बऱ्याचदा उघडीच. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीसमोर रोज मेणबत्ती लागते. मला ते सहन झालं नाही. पुस्तकं कपाटात टाकली आणि तीन आठवडे हात लावला नाही.

मग आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, सात वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. वर्षावासाचे तीन महिने विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन होतं, ते ती कधी चुकवत नाही. या वर्षी डोळ्यामुळे आणि पावसामुळे जाता येईना. घरात बसून कंटाळली आणि म्हणाली, “तू आनले ना थे बुद्धाचे पुस्तकं, थेच वाच मले.” मी सांगितलं, ती चित्रांची पुस्तकं आहेत आणि बरी नाहीत. “वाच तं आधी.”

असं आमचं वाचन सुरू झालं. रात्री जेवणं झाली की पाऊण तास. संवाद इंग्रजीतून आमच्या बोलीत करायचे आणि चित्रात काय दिसतंय ते सांगायचं. सुरुवातीची ससा, अस्वल आणि कोल्ह्याची गोष्ट तिला लगेच ओळखीची वाटली. भुकेल्या म्हाताऱ्याला द्यायला काहीच मिळालं नाही म्हणून ससा स्वतः आगीत उडी घेतो. जातकातलीच कथा, प्राणी थोडे बदललेले. ही काही पानं जवळजवळ मुकी आहेत. शब्दच नाहीत, तेव्हा मला नुसतं बर्फ, धूर आणि सशाचे कान यांचं वर्णन करावं लागलं. ते करताना मी पहिल्यांदा ती चित्रं नीट पाहिली. एकटीनं वाचताना मी पुढच्या संवादाकडे पळत होते.

चाप्राची गोष्ट सुरू झाली तशी आजी सरसावून बसली. “थांब. राजाचा पोरगा जन्माले यायचाच हाये, अन् गोष्ट गुलामाच्या पोरापासून सुरू?” मी म्हटलं, हो, तेच तर चुकलंय. ती म्हणाली, “चुकलं कायले? बुद्ध कोनासाठी आले थे आधी सांगून राह्यला ना थो.”

मी तीन आठवडे ज्यावर रागावले होते, ते तिनं एका वाक्यात उलटं करून दिलं. चाप्रा सेनापतीचा जीव वाचवतो, त्याचा दत्तक मुलगा होतो, वर चढतो आणि जात उघडी पडल्यावर आपल्या आईसोबत मरतो. त्या मायलेकांच्या शेवटाला आजीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. तोवर पट्टी निघाली होती. बराच वेळ तिनं भिंगातून ते पान पाहिलं.

तेझुकांच्या चाहत्यांत नेहमीचा वाद असतो की इतकी गोल, बाळसेदार, लहान मुलांच्या पुस्तकात शोभावी अशी चेहरेपट्टी घेऊन हा माणूस इतकं क्रूर जग का दाखवतो. आमच्या लॅबमधल्या मुलाचं म्हणणं, ती त्या काळाची शैली होती, एवढंच. मला ते पटत नाही. याच तेझुकांनी याच कथेत पर्वत, अरण्यं, मुंग्यांसारखी दिसणारी सैन्यं अशी काढली आहेत की श्वास अडकतो. त्यांना हवं ते काढता येत होतं. चेहरा मात्र त्यांनी साधा ठेवला. सोप्या चेहऱ्याच्या माणसावर वाचक चटकन माया करतो आणि मग त्याला मरताना पाहावं लागतं. अस्सजीच्या बाबतीत आमच्या घरात हेच झालं.

पाली परंपरेतले अस्सजी म्हणजे पंचवर्गीय भिक्खूंपैकी, बुद्धांच्या पहिल्या पाच शिष्यांपैकी, एक, सारिपुत्ताला धम्माची वाट दाखवणारे. तेझुकांनी फक्त नाव ठेवलं आणि एक शेंबडा, मठ्ठ दिसणारा पोरगा उभा केला. पानापानावर त्याच्या नाकातून शेंबूड लोंबतो. आजी रोज म्हणायची, “त्या पोट्ट्याले नाक पुसाले सांग ना कोनी.” मोठ्या आजारातून उठल्यावर त्याला पुढचं दिसू लागतं, स्वतःचं मरणसुद्धा. ते वर्षानुवर्षं माहीत असूनही तो शांत राहतो. दिवस येतो तेव्हा भुकेल्या लांडग्यांपुढे स्वतःला ठेवतो आणि सिद्धार्थाला ते बघावं लागतं. पहिल्या भागातला ससा चौथ्या भागात असा परत आला. शेंबडाचा विनोद नसता तर ते पान इतकं लागलं नसतं. ज्या थिल्लरपणाचा मला राग आला होता, तोच आता मला या पुस्तकाचा कणा वाटतो.

दुसऱ्या भागात आमचं भांडण झालं, तेही लिहायला हवं. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाचं मन पालटलं, ही पारंपरिक कथा तेझुकांनी ठेवली आहे. आजीनं तिथंच थांबवलं. “हे चूक हाये. बाबासाहेबांनं असं नाही लिहिलं. रोहिणीच्या पान्यावरून भांडन होतं.” आणि ती बरोबर आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलंच नव्हतं, हे बाबासाहेबांना बुद्धीला न पटणारं वाटलं. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादात सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून घर सोडतो. ज्यांच्या घरी तो ग्रंथ आहे, त्यांना तेझुकांचा दुसरा भाग खटकणार. त्यात देव, चमत्कार आणि पुनर्जन्माच्या छटाही आहेत. ही कादंबरी आहे, धम्मग्रंथ नाही, हे धरूनच ती हातात घ्यावी. आजीनं स्वतःच तोडगा काढला, “जपानातल्या मानसानं थे पुस्तक वाचलं नसन. वाच पुढं.”

तिसऱ्या महिन्यात मला वाचायची इतकी ओढ लागली की लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत तेझुकांचंच ‘ब्लॅक जॅक’ सुरू केलं. परवाना नसलेला, अवाच्या सवा फी मागणारा, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा शिवलेला सर्जन. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेच्या २४०हून जास्त कथा आहेत. त्याच वर्षी तेझुकांची ॲनिमेशन कंपनी ‘मुशी प्रॉडक्शन’ बुडाली होती. १ जानेवारी १९६३ पासून ‘ॲस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर आणणारी हीच कंपनी. लोक म्हणायला लागले होते की हा जुना झाला. अशा वेळी त्यांनी आपलं जुनं वैद्यकीय शिक्षण बाहेर काढलं. ओसाकाला ते डॉक्टर झाले होते आणि १९६१ मध्ये गोगलगाईच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेटही घेतली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या मला हे वाचून फार जवळचं वाटलं. एका कथेत ब्लॅक जॅकचे गुरू डॉक्टर होनमा कबूल करतात की लहानपणी त्याच्यावर शस्त्रक्रिया करताना पोटात एक पातं विसरलं होतं. सात वर्षांनी उघडून पाहतात तर शरीरानं त्याभोवती कॅल्शियमचं कवच करून ते मोत्यासारखं झाकून टाकलेलं. दवाखान्यात ते खरंच असं होईल का, यावर वाद घालता येईल. पण जीव वाचवणाऱ्या माणसाला जिवापुढे नमवणारी ती गोष्ट मी जेवण अर्धवट टाकून संपवली.

‘ब्लॅक जॅक’ उजवीकडून डावीकडे वाचायचं. माझ्याकडच्या ‘बुद्ध’मध्ये मात्र चित्रं आरशात पाहावी तशी उलटवून डावीकडून उजवीकडे केली आहेत. नव्या वाचकाला सोपं जातं, पण बरीच माणसं डावखुरी झाली आहेत. आजीनं ते माझ्याआधी हेरलं.

तेझुकांनी दीड लाखाच्या आसपास पानं काढली असं सांगतात. जपानी समग्र आवृत्तीचेच चारशे खंड आहेत. १९२८ साली जन्मले, १९८९ साली साठाव्या वर्षी पोटाच्या कर्करोगानं गेले. आकडा ऐकून थक्क व्हायला होतं, पण एवढ्या पसाऱ्यात सगळं सोनं नाही. ‘बुद्ध’मध्येही सातव्या भागात देवदत्त आणि अजातशत्रूच्या कारस्थानांत कथा अडखळते, तीच भांडणं पुन्हा येतात. मालिका १९७२ ते १९८३ अशी मासिकांतून हप्त्याहप्त्यानं आली, ते तिथं जाणवतं. एकाच वेळी कितीतरी मालिका चालायच्या आणि संपादक त्यांच्या घरी ठिय्या देऊन पानांची वाट पाहायचे. टोपणनावात त्यांनी आवडत्या भुंग्याचं ‘मुशी’ हे अक्षर घातलं होतं, त्यावरून संपादक त्यांना ‘ओसोमुशी’ म्हणजे उशीर करणारा किडा आणि ‘उसोमुशी’ म्हणजे थापाड्या किडा म्हणायचे.

या पसाऱ्यातली खरी गंमत मला सहाव्या महिन्यात कळली. तेझुका आपल्या पात्रांना नटांसारखं वापरतात. एका कथेतला मिशीवाला म्हातारा दुसऱ्या कथेत वेगळ्या भूमिकेत येतो. एकात खलनायक असलेला दुसरीकडे बिचारा असतो. लॅबमधला मुलगा हे मोठ्या उत्साहानं दाखवायचा, “ताई, हा बघा, इथंपण आला.” तो तेझुकांच्याच ‘फिनिक्स’ या मालिकेचा भक्त आहे, त्याच्या मते ‘बुद्ध’ म्हणजे त्याचीच मवाळ आवृत्ती. आम्ही डबे उघडे ठेवून यावर भांडलो आहोत. मी ‘फिनिक्स’चे दोनच खंड वाचलेत, पण माझं मत सांगते. ‘फिनिक्स’मध्ये माणूस युगांपुढे लहान होत जातो. ‘बुद्ध’मध्ये एकेक माणूस मोठा होतो, मग तो तत्तासारखा चोर असो की आपली आई दासी होती हे कळल्यावर तिलाच दासांत लोटणारा विडूडभ असो. मला दुसरी वाट जवळची आहे. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा शाळकरी तेझुका कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते आणि वाचले. मेलेली माणसं त्यांनी गर्दीनं पाहिली होती. त्यानंतरही त्यांनी कुणाला गर्दी म्हणून काढलं नाही.

तत्ताबद्दल आता लिहिते. ज्यांना शेवट कळू द्यायचा नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. पहिल्या भागातलं ते पोरगं मोठं होतं, संसार करतं, बुद्धाचा जुना मित्र बनतं. पण चाप्राला मारणाऱ्या कोसल राज्याचा सूड त्याच्या मनातून जात नाही. तो लढायला जातो आणि मरतो. आयुष्यभर ज्यानं जवळून ऐकलं त्यालाच उपदेश पोचला नाही, म्हणून बुद्ध कोसळतात. चित्रातला तो बुद्ध रडतो, ओरडतो. जुलैमध्ये हे पान समोर आलं असतं तर मी पुस्तक परत केलं असतं. जानेवारीत आम्ही दोघी ते वाचत होतो. आजी म्हणाली, “आज इथंच ठेव.” तीन रात्री आम्ही वाचलं नाही.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं. आठही भाग घ्यायची घाई नको. पहिले दोन घ्या आणि राग आला तरी चौथ्यापर्यंत जा. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना देण्याआधी स्वतः चाळा, हिंसा आणि नग्नता दोन्ही आहेत. भाषांतरातली बोली अमेरिकन वळणाची आहे, मला ती शेवटपर्यंत खटकली. आमच्या वऱ्हाडीत सांगताना तीच माणसं जास्त खरी वाटली. अक्षर बारीक आहे. माझ्या तिसऱ्या भागाचा कणा पाचव्या महिन्यात फाटला, कागदही पिवळा पडतोय. तो भाग मी डिंक लावून, दोऱ्यानं शिवून घेतला.

लहानपणी तेझुकांची आई त्यांना मांगा वाचून दाखवायची, प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढून. पुढे डॉक्टरकी की चित्रं, असा प्रश्न आला तेव्हा जास्त काय आवडतं ते कर, असंही तिनंच सांगितलं. हे मी फार उशिरा वाचलं, आमचं वाचन संपल्यावर.

परवा शेजारच्या काकूंची नात आली होती, पाच वर्षांची. आजीनं पहिला भाग मांडीवर घेतला. इंग्रजी तिला येत नाही. पानं उलटत, चित्रं पाहत तिनं सशाची गोष्ट सांगायला घेतली आणि अस्वल आलं तिथं घसा खरवडून अस्वलाचा आवाज काढला.