जवसाचा थर आणि सोन्याच्या कड्यांची चिप: साडेतीन तारे

आमच्या दारव्ह्याच्या कॉलेजात टेराहर्ट्झ यंत्र (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधल्या लाटा नमुन्यातून पाठवून मोजणारं) नाही. नमुना मात्र इथंच बनतो. लाकडी घाण्याचं जवसाचं तेल, ते पातळ करायला थोडं टोल्युइन आणि जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यावर चिकटवलेली चकती. थेंब सोडायचा, पंखा फिरवायचा, पातळ थर पसरतो. लाइट असली तर. घाणेवाला विचारतो, "सर, तेल खायाले नेता का मोजाले?"

मोजाले. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन ओढून वाळतं, ते वाळणं मला पाहायचं होतं. अडचण अशी की १ टेराहर्ट्झची लाट ३०० मायक्रॉन लांब आणि माझा थर ३ मायक्रॉनचा. त्यातून जाताना तिला जेमतेम ५ फेमटोसेकंद (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) उशीर होतो. साध्या काचेवर काहीच कळलं नाही.

म्हणून मेटासरफेसच्या दोन चिपा मागवल्या. किंमत लिहीत नाही, घरचे वाचतात. चिपेवर चीर असलेली सोन्याची बारीक कडी ओळीनं मांडलेली असतात. ही कल्पना जॉन पेंड्री यांनी १९९९ मध्ये मांडली. ठरावीक वारंवारतेला सगळं विद्युतक्षेत्र त्या चिरेत एकवटतं. तिथं थर बसला की कड्याचा सूर खाली येतो, पावसाळ्यात भजनातली खंजिरी उतरते तसा. किती उतरला, ते मोजायचं.

सिलिकॉनवरची चिप दिसायला देखणी, पण या कामाला वाया. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४, त्यामुळे बरंचसं क्षेत्र खालीच ओढलं जातं, वरच्या थराच्या वाट्याला थोडं येतं. त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यात लाट मागून आपटून ११ पिकोसेकंदांनी (पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) परत येते. मी विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "सर, स्कॅन तिथंच कापा." कापला की वारंवारतेत ९० गिगाहर्ट्झपेक्षा बारीक फरक वेगळा दिसत नाही. माझा सूर त्याच्या निम्म्यानंही हलत नाही! माहितीपत्रकात संवेदनशीलतेचा आकडा ठळक होता. किती जाडीच्या थराला, ते कुठंच नाही. एक तारा इथं गेला.

पॉलिइमाइड या प्लॅस्टिकवरची चिप गुळाच्या पाकाच्या रंगाची, कागदासारखी पातळ. तिच्यात प्रतिध्वनीची कटकट नाही, स्कॅन हवा तेवढा लांबवता येतो. साबुदाण्याच्या डब्यातून शहरातल्या प्रयोगशाळेत नेली. आलेखात कड्याच्या सुराच्या जागी खोच पडते; तेलाआधीची आणि तेलानंतरची खोच एकमेकींपासून सुटी, डोळ्यांना दिसेल इतकी सरकलेली! त्या दिवशी जेवायचं राहून गेलं.

अर्धा तारा कशाला कापला? चिपेचा सूर ०.७५ च्या आसपास आणि हवेतली वाफ जिथं लाट शोषते ती रेघ नेमकी ०.७५२ टेराहर्ट्झला. जुलैतल्या दमट हवेत दोन्ही एकमेकांत मिसळतात. कोरडा नायट्रोजन सोडल्यावरच मामला सुटला.

"धुऊन पुन्हा वापरता येते" हा त्यांचा दावा खोटा नाही, पण चूक माझी. पूर्ण वाळलेलं जवस ॲसिटोनला जुमानत नाही. दोन दिवस भिजवून ठेवली, थर तसाच. आता पुढच्या वेळी पॉलिइमाइडच्याच तीन घेईन, आणि सूर वाफेच्या रेघेपासून दूर ठेवून द्या असं आधीच लिहून देईन.