रामबागेतलं एमपी ऑनलाइन कियोस्क: दिव्यांग कार्ड आणि कॉलेजच्या कागदांसाठी (4 स्टार)

इंदूरमध्ये एमपी ऑनलाइनची दुकानं गल्लोगल्ली आहेत, फॉर्म भरून देणारे खूप, पण आधी कागद नीट वाचून मग भरणारा हा एकच दादा मला भेटला म्हणून मुद्दाम लिहितेय. ज्यांच्या घरातलं कोणी दिव्यांग मूल यंदा कॉलेजला जाणार आहे त्यांनी तर वाचाच.

माझ्या भाचीच्या उजव्या हाताच्या नसा अकरावीत असताना ॲक्सिडेंटमध्ये गेल्या. 2023 ला बीकॉमला ॲडमिशन घ्यायची होती, त्याआधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायला आम्ही इथे आलो. दादांनी आधार आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवली आणि लगेच म्हणाले, ताई, आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, मार्कशीटवर फक्त नाव-आडनाव आहे, पुढे अडकेल. आपल्या मराठी घरांत इथे हे सर्रास होतं, पण सांगतं कोण! आधी ते दुरुस्त करून घ्यायला लावलं, मगच फॉर्म भरला. सहीच्या वेळी तर मला फार बरं वाटलं. भाची नुकतीच डाव्या हाताने लिहायला शिकत होती, मागे लाइन लागलेली, कोणीतरी म्हणालं मावशीच करून टाकेल, तर दादा म्हणाले सही तिचीच जाणार, आणि तिला कोरा कागद, स्केच पेन आणि एक खुर्ची दिली. तिने सावकाश तीन-चारदा सही केली आणि तिला आवडली तीच स्कॅन केली.

पोर्टलवर अर्जाला सरकारी फी काहीच नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांचा भरण्याचा चार्ज तेवढा वेगळा, तोही माफक आणि भिंतीवर लिहिलेला. मग मेडिकल बोर्डापुढे तपासणी होते आणि दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात. कार्डाचा रंग त्यावरच असतो, 40 च्या खाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, 80 आणि वर निळा. भाचीचं पिवळं आलं. 2016 च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट मिळते ती 40 टक्के किंवा जास्त असलेल्यांनाच, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

पण खरा उपयोग झाला परीक्षेच्या वेळी. कॉलेजच्या बाबूंनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, यावर रायटर लागतो असं कुठे लिहिलंय? (रायटर म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणारा. कॉलेजचं नाव लिहीत नाही.) आम्ही परत दादांकडे. त्यांच्या फाइलमध्ये 2018 च्या केंद्र सरकारच्या गाइडलाइन्सची प्रिंट होती, पेनाने खुणा केलेली. तेव्हा नियम असा होता की अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सीवाले यांनी मागितलं की रायटर मिळायचा, बाकीच्यांना मात्र सिव्हिल सर्जन किंवा सीएमओसारख्या सरकारी डॉक्टरकडून वेगळं सर्टिफिकेट लागायचं की ही व्यक्ती हाताने लिहू शकत नाही, रायटर आवश्यक आहे. म्हणजे टक्के लिहिलेला कागद वेगळा आणि काय जमत नाही ते लिहिलेला कागद वेगळा. त्याचा ठरलेला नमुना त्यांनी तिथेच काढून दिला, प्राचार्यांच्या नावाने अर्ज हिंदीत टाइप केला, त्यात तासाला किमान 20 मिनिटं जास्तीची वेळही मागितली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. वर बजावलं की अर्ज कोणाच्या हातात देऊन यायचं नाही, आवक-जावकमध्ये देऊन पावती घ्यायची. ती पावतीच कामी आली! रायटर मिळाला, वेळही मिळाला.

तिथेच एक काकू मुलाला घेऊन आल्या होत्या, त्याला 40 पेक्षा कमी टक्के, कॉलेजने उडवून लावलेलं. त्यांना दादांनी विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सुप्रीम कोर्टाचा 2021 चा निकाल सांगितला, की 40 टक्के नसले तरी लिहायला खरंच अडचण असेल तर रायटर नाकारता येत नाही, आणि त्यावरून 2022 ला आलेले नियमही काढून दिले. फॉर्म भरायच्या दुकानात एवढं कोण सांगतं?

एक स्टार कापला तो दारातल्या दोन उंच पायऱ्यांसाठी. रॅम्प नाही. व्हीलचेअरवाला कोणी आला तर दादा स्वतः लॅपटॉप घेऊन बाहेर येतात हे मी बघितलंय, पण ऊन-पावसात रस्त्यावर बसून फॉर्म भरायची वेळ कोणावर का यावी, लाकडाचा उतार तरी करून घ्या, मी त्यांना तोंडावरही सांगितलंय.

जून-जुलैत फार गर्दी असते, सकाळी उघडल्या उघडल्या जा. ओरिजिनल कागद, जुने सगळे दवाखान्याचे पेपर आणि ओटीपी येतो तो मोबाइल बरोबर न्या, आणि मुलाला घेऊनच जा, दादा प्रश्न त्यालाच विचारतात.