मणिभवन : नेतृत्व शिकायचे असेल तर कुठे थांबून पाहावे

थोरांच्या चरित्रांतून मुलांनी नेतृत्व शिकावे आणि तंटे सामोपचाराने मिटवण्याची दृष्टी घ्यावी, अशी अपेक्षा शाळा आणि पालक नेहमीच बोलून दाखवतात, आणि त्यासाठी सुट्टीतल्या शिबिरांवर बराच पैसाही खर्च करतात. अशी जी शिबिरे मी जवळून पाहिली आहेत, त्यांत छायाचित्रे, सुवचने आणि गटचर्चा यांपलीकडे मुलांच्या हाती फारसे काही लागत नाही. त्या माणसापुढे नेमका कोणता पेच उभा होता, आणि सोपा मार्ग समोर असताना त्याने तो का सोडला, हे तिथे कुणी सांगत नाही. मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचे मणिभवन, म्हणजे गांधीजींचे स्मारक-संग्रहालय, ही उणीव भरून काढू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिथे काय पाहायचे हे आधी ठरवून गेले पाहिजे.

रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे हे घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत असले की त्यांचा मुक्काम बहुधा इथेच असे. तळमजल्यावर ग्रंथालय आहे, मधल्या मजल्यावर सभागृह आणि छायाचित्रे आहेत, आणि वरच्या मजल्यावर त्यांची खोली जपून ठेवली आहे. बैठक, लोड, लिहिण्याचे बुटके मेज आणि चरखे, एवढेच तिचे सामान. शेजारच्या दालनात सुशीला गोखले-पटेल यांनी घडवलेल्या छोट्या बाहुल्यांमधून गांधीजींचे चरित्र उभे केले आहे. लहान मुले या दालनातून लवकर निघत नाहीत, आणि त्यांना घाई करूही नये. आगगाडीतून उतरवलेला तरुण बॅरिस्टर आणि दांडीची वाट चालणारा म्हातारा यांच्यामध्ये केवढे आयुष्य गेले, हे बाहुल्या पाहणाऱ्याला आपोआप कळते.

मोठ्या विद्यार्थ्यांना मात्र मी आधी खोलीसमोर थांबवीन आणि नोव्हेंबर १९२१ ची हकीकत सांगीन. १७ नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता, आणि त्याच दिवशी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. तिकडे शहरात बहिष्काराच्या बाजूच्या जमावाने स्वागताला गेलेल्या पारशी आणि ख्रिस्ती लोकांवर हल्ले केले, दारूची दुकाने जाळली आणि पोलिसांना ठार मारले. मग उलट हल्लेही सुरू झाले. या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. चिथावणी सरकारची होती, गुंड बाहेरचे होते, सुरुवात दुसऱ्यांनी केली, असे सांगून मोकळे होण्याची सोय कोणत्याही पुढाऱ्याला होती. गांधीजी स्वतः दंगलीच्या भागात फिरले, जखमींना त्यांनी पाहिले, आणि दोष आपल्या बाजूचा आहे असे जाहीरपणे लिहिले. अल्पसंख्य समाजांच्या जिवाची आणि अब्रूची जबाबदारी बहुसंख्यांवर आहे, तेव्हा आधी हिंदू आणि मुसलमान यांनी हात आवरावा, ही त्यांची भूमिका होती. १९ तारखेला त्यांनी याच घरात उपोषण सुरू केले. सगळ्या समाजांचे पुढारी गल्लोगल्ली फिरले, शहर शांत झाले, आणि २२ तारखेला त्याच पुढाऱ्यांच्या उपस्थितीत उपोषण सुटले. बारडोलीत सुरू व्हायचा सामुदायिक कायदेभंगही त्यांनी तूर्त लांबणीवर टाकला.

या घटनेत मला जे सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की गांधीजींनी हिशेब आधी स्वतःच्या अनुयायांकडे मागितला. प्रतिपक्षाला जाब विचारणारे पुढारी पुष्कळ असतात, पण ज्या जमावाच्या जयजयकारावर आपले स्थान उभे आहे त्यालाच खडसावण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. वर्गातले भांडण असो किंवा सोसायटीच्या सभेतला वाद, समोरच्याचा विश्वास परत मिळायला सुरुवात इथूनच होते, आणि मुलांना हे सहज पटते, कारण आपल्या गटातल्या मित्राला 'तू चुकलास' असे सांगणे किती अवघड असते याचा अनुभव त्यांनाही असतो.

हीच रीत १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपातही दिसते, म्हणून तो प्रसंगही इथे सांगावा. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन ही सख्खी भावंडे होती. कामगारांची मागणी पन्नास टक्के वाढीची होती आणि मालक वीस टक्क्यांवर अडून बसले होते. गांधीजींनी बाजारभाव आणि वेतन यांची छाननी करून पस्तीस टक्के ही रक्कम न्याय्य ठरवली, म्हणजे मालकांशी झगडण्यापूर्वी आपल्याच पक्षाची मागणी त्यांनी खाली आणली. शेवटी लवादावर तडजोड झाली आणि लवादाने पस्तीस टक्केच दिले. मधल्या काळात गांधीजींनी केलेल्या उपोषणाचे दडपण मालकांवर आले, हा त्यातला दोष त्यांनी स्वतः कबूल केला आहे, आणि हा भागही मुलांपासून लपवू नये.

मणिभवनात गांधीजींच्या पत्रांचे नमुने मांडलेले आहेत, त्यांत २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेले पत्र जवळ जाऊन पूर्ण वाचावे. ते अगदी छोटे आहे. संबोधन 'प्रिय मित्र' असे आहे. आपण लिहिणे हा आगाऊपणा ठरेल असे वाटून इतके दिवस थांबलो होतो, अशी सुरुवात आहे. युद्ध टाळू शकेल असा माणूस आज जगात तुम्हीच आहात, असे साधे निवेदन आहे. आणि लिहिण्यात चूक झाली असेल तर क्षमा मागितली आहे. सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही, आणि १ सप्टेंबरला युद्धाला तोंड फुटले. मग या पत्राचा उपयोग काय झाला, असे चुणचुणीत मूल विचारणारच. शांततेचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी होतो असे खोटे उत्तर त्याला देऊ नये. समोरच्याला ऐकायचेच नसते तेव्हा ही पद्धत कुठवर पोचते, या प्रश्नावर मोठ्या वर्गांशी मोकळेपणाने बोलायला हे पत्र अतिशय चांगले निमित्त आहे.

गच्चीचा प्रसंगही सोडू नये. २८ डिसेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेहून परतल्यावर गांधीजींनी व्हाइसरॉय विलिंग्डन यांना तार करून भेट मागितली. ती नाकारली गेली, आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना इथेच गच्चीवर अटक झाली. तो सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा दिवस होता. लढा पुकारण्याआधी भेट मागणे आणि अटक होताना पोलिसांशी सभ्यतेने वागणे, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा माँटगोमेरीचा बस बहिष्कार यशस्वी करून १९५९ साली भारतात आलेले मार्टिन ल्यूथर किंग या घरी येऊन गेले, यात मला काहीच नवल वाटत नाही.

सहावीपर्यंतच्या मुलांना बाहुल्यांचे दालन आणि खोली एवढे पुरे आहे. आठवीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना न्यायचे असेल तर १९२१ ची हकीकत शाळेतच सांगून ठेवावी, आणि तुम्ही त्या जागी असता तर १८ नोव्हेंबरच्या सकाळी काय केले असते, हे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे. छायाचित्रांखालच्या चार ओळींत पेच मावत नाहीत, त्यामुळे सोबतच्या शिक्षकाची तयारी नसेल तर ही भेट नुसती सहल होईल. ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाता येते, आणि ऑगस्ट क्रांती मैदानही जवळच आहे. दोन्ही ठिकाणे एका दिवशी करायची असतील तर आधी मणिभवनाला सकाळचा निवांत वेळ द्यावा.