विष न बाधणारा ताईत : काही महिने वापरल्यानंतर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथा-खेळाच्या आमच्या चालू कॅम्पेनमध्ये (लांबलचक कथेत) माझ्या फायटरच्या, म्हणजे योद्ध्याच्या, गळ्यात 'पेरिॲप्ट ऑफ प्रूफ अगेन्स्ट पॉयझन' आहे. नाजूक चांदीची साखळी, तिच्यात पैलू पाडलेला काळा खडा. पार्टीत, म्हणजे आमच्या पात्रांच्या टोळीत, आम्ही त्याला सरळ 'ताईत' म्हणतो. खजिन्यात हा निघाला की नवे खेळाडू हिरमुसतात, जादूची तलवार का नाही मिळाली म्हणून. मुद्दाम त्यांच्यासाठी लिहितोय, कारण काही महिने वापरून माझं मत पक्कं झालंय: मधल्या लेव्हलच्या पार्टीला हा लाभला तर तो जपून वापरावा आणि सगळ्यांनी मिळून वापरावा.

आम्ही खेळतो त्या 2014 च्या नियमांत याचं वर्णन दोन-तीन ओळींत आटोपतं. अंगावर असेपर्यंत विषाचा परिणाम होत नाही. पॉयझन डॅमेज (विषाने होणारी इजा) शून्य, 'पॉयझन्ड' ही विषबाधेची अवस्था लागूच होत नाही. ना सेव्ह (धोक्यातून वाचायला टाकायचा फासा), ना चार्जेस (मोजून मिळणारे वापर). अँटिटॉक्सिन या विषावरच्या औषधाची कुपी 50 सुवर्णमुद्रांना पडते आणि तासभर फक्त सेव्हला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) देते. ड्वार्फ वंशाच्या पात्राला जन्मजात मिळतं तेही ॲडव्हान्टेज आणि निम्मं डॅमेज, बस.

मला याची ताकद पहिल्यांदा कळली ती वायव्हर्नशी गाठ पडली तेव्हा. त्याची नांगी लागली की कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या काटकपणाचा) सेव्ह, हुकला तर 7 डी6, म्हणजे सहा बाजूंच्या सात फाशांइतकं, विष, जमला तरी त्याच्या निम्मं. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) सवयीने मूठभर फासे उचलले, मी 'ताईत' म्हटलं, आणि त्याने ते तसेच खाली ठेवले. नांगी घुसल्याचं डॅमेज मात्र लिहून घ्यावं लागलं. ताईत विष अडवतो, घाव अडवत नाही.

डॅमेजपेक्षाही मला अवस्थेपासूनची सुटका मोलाची वाटते. कॅरियन क्रॉलर या राक्षसी किड्याच्या विषाने माणूस पॉयझन्ड होतो आणि तसा असेपर्यंत जागीच जखडतो. ड्रोच्या, म्हणजे भुयारी एल्फच्या, विषारी बाणाने तर थेट बेशुद्धही पडतो. मूळ अवस्थाच लागली नाही की पुढचं काहीच होत नाही. भुयारात मी पुढे चालतो तो याच भरवशावर. पण घूलच्या पंज्याने येणारा लकवा विषाचा नसतो, तिथे ताईत कामाचा नाही. राक्षसाच्या माहितीत 'पॉयझन' हा शब्द आहे का, हे दर वेळी विचारून घ्या.

एक धोका फारसं कोणी सांगत नाही. ताईत घातलेल्या माणसाला अन्न चाखायला पुढे करू नका. एका सरदाराच्या मेजवानीत आमच्या 'रोग'ने (चोर-पात्राने) तेच सुचवलं, "तुला काही होत नाही, तूच आधी खा." क्लेरिकने (पुरोहित-पात्राने) वेळीच अडवलं. मला काही होत नाही म्हणूनच माझ्या खाण्यावरून काही कळणार नाही! तिने 'डिटेक्ट पॉयझन अँड डिझीज' हा विष ओळखणारा मंत्र टाकला, तर माझ्यासमोरच्याच सुरईत विष निघालं. ती दारू मी घटाघटा प्यायलो असतो आणि 'छान आहे' म्हणून बाकीच्यांना दिली असती.

सगळ्यात जास्त मजा आली ती विझर्डच्या (जादूगारणीच्या) 'क्लाउडकिल' या विषारी ढगाच्या मंत्रामुळे. अरुंद तळघर, आत हॉबगॉब्लिनची टोळी, दाराशी मी. तिने तो पिवळट-हिरवा ढग थेट माझ्यासकट सगळ्यांवर सोडला. आत कोणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे वार करताना दोन्ही बाजूंचे ॲडव्हान्टेज-डिसॲडव्हान्टेज कटले. ते खोकत मरत होते आणि मी दार अडवून उभा होतो. ढग दर फेरीला टाकणाऱ्यापासून 10 फूट लांब सरकतो, तेवढं धरून जागा घ्यायची.

आता मुख्य गोष्ट. याला अट्यूनमेंट, म्हणजे जादूच्या वस्तूशी आधी जोडून घेणं, लागत नाही. अशा जोडणीच्या तुमच्या तीन जागांपैकी एकही खर्च होत नाही, शिवाय ताईत एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात लगेच जाऊ शकतो. म्हणून आम्ही तो पार्टीचा मानतो. कुलपात विषारी सुई असेल अशी शंका आली की तो 'रोग'कडे, लढाई सुरू झाली की परत माझ्याकडे. अंगात आधीच भिनलेल्या विषाचं काय, हे मात्र डीएमशी आधीच ठरवून घ्या. जुन्या 3.5 आवृत्तीत, जिथे याची किंमत 27,000 सुवर्णमुद्रा होती, असं विष ताईत घातल्यावरही आपलं काम पूर्ण करायचं. 2014 च्या मजकुरात ती अट नाही, आणि आमच्या टेबलावर ताईत घातला की पॉयझन्ड अवस्था जाते.

दहाव्या लेव्हलचा मंक (लढवय्या संन्यासी) पार्टीत असेल तर त्याला देऊ नका, 2014 च्या नियमांत त्याला विष तसंही बाधत नाही.

आणि डीएम मंडळींना कळकळीची विनंती. ताईत दिलात म्हणून कथेतून कोळी, वायव्हर्न आणि विषप्रयोग करणारे मारेकरी काढून टाकू नका. पार्टीत एकाच्याच गळ्यात ताईत आहे, बाकीच्यांना धोका पूर्वीइतकाच आहे. आमच्या डीएमने तर उलट विषारी फूत्कार सोडणाऱ्या ग्रीन ड्रॅगनच्या जंगलाची वाट दाखवली आहे, आणि ताईत कोणी घालायचा यावर सध्या ग्रुपवर जोरात वाद चालू आहे.