मोठ्या संख्यांचे गुणधर्म सांगणारे अ‍ॅप: उत्तरे चोख, खुलासा अपुरा

दिलेल्या पूर्ण संख्येचे मूळ अवयव, विभाजक आणि द्विमान रूप दाखवणारे हे अ‍ॅप पारखण्यासाठी मी १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही, म्हणजे २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी, एकवीस अंकी संख्या निवडली. फ्रेंच गणिती मर्सेनने मूळ मानलेली ही संख्या संयुक्त असल्याचे फ्रेंच गणिती ल्युकासने १८७६ मध्ये दाखवले. तिचे अवयव मात्र अमेरिकी गणिती कोलने १९०३ मध्ये मांडले. अ‍ॅपने १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन्ही मूळ अवयव क्षणार्धात दिले. विभाजक चार आणि द्विमान रूपात ओळीने सदुसष्ट एक, हेही अचूक आहे. दोन्ही अवयवांना १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागल्यास बाकी १ उरते आणि हा काही योगायोग नव्हे; एवढी सुरेख गोष्ट नोंदवण्याची तसदी मात्र अ‍ॅपने घेतलेली नाही.

खरी तक्रार वेगळीच आहे. फार मोठ्या संख्येपुढे ‘मूळ’ असा शेरा मारताना तो सिद्धतेवर आधारलेला आहे की केवळ संभाव्यतेच्या कसोटीवर, याचा खुलासा अ‍ॅप करत नाही. ३ × ११ × १७ असे अवयव असलेली ५६१ ही संख्यासुद्धा २ या पायाची फर्माची चाचणी, म्हणजे संख्या मूळ असण्याची केवळ शक्यता तपासणारी कसोटी, बिनदिक्कत पार करते, हे लक्षात घेता अभ्यासासाठी हा शेरा जसाच्या तसा स्वीकारू नये. अवयव पाडण्यासाठी मात्र अ‍ॅप खुशाल वापरावे.